हेडफोनमधला ढोल

नमस्कार. हे सदर मी बरीच वर्षं वाचतेय, पण खरं सांगते — करमणूक म्हणून. कुणाला वळणावर बाई दिसली, कुणाच्या गाडीत मागे कोणी येऊन बसलं... मी ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे, दोघं हसायचो आणि दिवा बंद करून गाढ झोपायचो. अशा निम्म्या गोष्टी कुठल्यातरी आवाजापासून सुरू होतात, आणि आवाज हेच माझं काम आहे. पाइपात हवा अडकली की कुणी कण्हतंय असं वाटतं, पत्रा तापून गार झाला की छपरावर कोणी चालतंय असं वाटतं. आवाज आला म्हणजे कुठेतरी काहीतरी हललं, आणि काय हललं ते शोधता येतं. माझी देवावर नसेल एवढी यावर श्रद्धा होती.

म्हणून हे लिहायला इतका वेळ गेला. आणि आधीच सांगते, यात घाबरण्यासारखं काही नाही. भीतीच्या अपेक्षेने वाचणार असाल तर निराश व्हाल. पण घडलं ते असं घडलं...

मी मूळची वरोरची. डहाणू तालुक्यात, चिंचणीजवळ, समुद्राला लागून आमचं गाव. घरात पिढ्यानपिढ्या मासेमारी. बाबा लवकर गेले आणि बोट दादाने हातात घेतली. तेव्हा तो स्वतः जेमतेम मिसरूड फुटलेला. मला मुंबईला साउंडचं शिकायचंय म्हटल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली होती, पण दादा एवढंच म्हणाला की जा, आणि मला स्टेशनवर सोडायला आला. माझ्यासाठी दादा म्हणजे काय, हे यावरून समजून घ्या.

लग्नानंतर मी तलासरीला आले. नवरा, अविनाश, इथे कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. बाजाराच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर आमचं भाड्याचं घर आहे. इथून वरोरला जायचं तर हायवेने चारोटी नाका, तिथून डहाणू, आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने खाली. बाईकवर दीड तास सहज जातो. मध्ये डोंगर, जंगल, हायवे, रेल्वे. समुद्राचा खारा वाससुद्धा इथवर पोचत नाही. हे अंतर मुद्दाम सांगतेय.

आता कामाबद्दल थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी ड्रमचे आवाज तयार करते — ऑर्केस्ट्रावाल्यांच्या ऑक्टोपॅडसाठी, म्हणजे काड्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पाटीसाठी, मोबाईल गेमसाठी, कधी जाहिरातीसाठी. खरा ढोल रेकॉर्ड करत नाही. ड्रम सिंथ नावाचं यंत्र असतं, जेवणाच्या डब्याएवढं, त्यातून विजेचा आवाज काढून त्याला ढोलाचं रूप द्यायचं. त्या यंत्रात एलएफओ नावाची एक सोय असते. लहानपणी टेबलफॅनसमोर तोंड नेऊन 'आऽऽ' केलंय ना? आवाज तुमचाच, पण पात्यांमुळे थरथरतो. एलएफओ हा तसाच पंखा समजा, फक्त फार संथ. ती एक विजेची लहर असते, इतकी सावकाश की तिचा स्वतःचा आवाज माणसाच्या कानाला येतच नाही. ती फक्त दुसऱ्या आवाजाला धरून हलवते. ढोलाच्या सुराला जोडली तर सूर हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो, परत चढतो. किती वेगाने ते एका खटक्याने ठरवायचं — खटका म्हणजे रेडिओच्या आवाजाचा असतो तसा फिरवायचा. माझ्या यंत्रावर त्या खटक्याशेजारी एक लाल दिवा आहे. लहर वर गेली की तो उजळतो, खाली गेली की मंदावतो. एकदा वेग ठरवला की घड्याळासारखं चालतं. त्यात गूढ काही नाही.

घोलवडला जयेशभाई म्हणून एक ऑर्केस्ट्रावाले आहेत. लग्नातल्या गरब्याचे प्रोग्राम करतात. त्यांना नवीन ढोल हवा होता. ऑक्टोपॅडमधले तयार आवाज त्यांना मेलेले वाटायचे. मला फोनवर म्हणाले होते, "बेन, ढोल लांबून येतोय असं वाटला पाहिजे. जसा कोण बोलवतोय."

आठवडाभर माझी त्याच्याशी झटापट चालली होती. सूर जास्त हलवला की कार्टूनमधल्यासारखं वाटायचं, कमी हलवला की जाणवायचंच नाही.

जानेवारीतली ती सकाळ. तलासरीतही धुकं होतं, समोरच्या घराची गच्ची दिसत नव्हती. अविनाश कॉलेजला गेला. फोन बेडरूममध्ये चार्जिंगला लावला, सायलेंटवरच राहिला होता. खालच्या मजल्यावर घरमालकांची मुलगी बाळंतपणाला आलेली, बाळ काही दिवसांचं, त्यामुळे मी स्पीकर लावतच नव्हते. हेडफोन. म्हणजे त्या खोलीत दुसरं कोणी असतं तर त्यालाही काही ऐकू आलं नसतं, हे लक्षात घ्या.

ढोलाचा एक साधा ठेका लावला. यंत्र तो आपोआप वाजवत राहतं. एलएफओ सुराला जोडला, खटका सगळ्यात संथ वेगावर आणला. थोडा वेळ ठीक चाललं. सूर सावकाश चढत होता, उतरत होता. दिवा त्याच्यासोबत उजळत होता, मंदावत होता.

मग तो उतरला आणि खालीच राहिला.

दिवा जवळजवळ विझल्यासारखा. ढोल वाजतोय, पण अगदी खोल, जड. मला वाटलं खटका सैल झाला असेल, यंत्र सेकंडहँड आहे. हात लावून बघितला, तर जागच्या जागी. तेवढ्यात सूर परत चढला, बराच वेळ चढत राहिला, अचानक थोडा ढळला आणि पुन्हा वर आला. याला काही मापच नव्हतं. मी खटका पूर्ण फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काही फरक नाही. सूर दुसऱ्या कशाला जोडला गेलाय का तपासलं. नव्हता.

अशा वेळी कोणीही काय करतं? बंद करून परत चालू करतं. मी दुसऱ्यांना हाच सल्ला देते. पण त्या सकाळी मी ते केलं नाही. कारण विचाराल तर एवढंच सांगू शकते — तो आवाज मध्येच तोडणं मला बरं वाटेना. कुणी वाट शोधत असावं आणि आपण शेजारी उभं असावं, असं काहीतरी वाटत होतं. सूर उतरला की माझी मान आपोआप नकारार्थी हलायची. चढला की तोंडातून 'हां' निघायचं. कोणी गाडी रिव्हर्स घेताना आपण मागे उभं राहून हातवारे करतो ना... तसं. हे मी त्याच दिवशी अविनाशला याच शब्दांत सांगितलं होतं, म्हणून आठवतंय. नाहीतर मलाच वाटलं असतं की नंतर रचलं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. चहा शेजारी गार झाला. आणि लाईट गेली.

तलासरीत लाईट जाणं ही बातमी नाही. पण त्या क्षणी कानात एकदम जे रिकामं झालं... मी दचकून उभीच राहिले. हेडफोन काढले, स्वयंपाकघरात गेले, उगाच भांडी इकडची तिकडे केली. मनात आलं, आता बाजारात जाऊन भाजी आणावी, दुपारी बघू. पिशवी हातात घेतली होती. तेवढ्यात फ्रीज घरघरला. लाईट आली. मी पिशवी खुर्चीला अडकवली आणि परत जाऊन बसले. का, माहीत नाही. भाजी घरात खरंच नव्हती.

यंत्र चालू केलं. नियमाप्रमाणे लहर सुरुवातीपासून सुरू व्हायला हवी होती. पण ढोल पहिल्या ठोक्यापासून वरच्या सुरात आला, आधीपेक्षा भरीव. जवळ आल्यासारखा. मग थोडंसं खाली-वर, थोडंसं खाली-वर, आणि शेवटी सूर एका जागी स्थिर झाला. लाल दिवा पूर्ण उजळून तसाच राहिला. सरळ, एकसारखे काही ठोके पडले. मी बंद केलं. काम संपल्यावर वाटतं तसं हलकं वाटलं. वास्तविक काम काहीच झालं नव्हतं. त्यातलं मी काही रेकॉर्डही केलं नव्हतं.

मग फोन बघितला.

वहिनीचे कितीतरी मिस्ड कॉल. मी लावला तर उचलेना. चुलतबहिणीला लावला, ती तेव्हा डहाणूत कामावर होती. तिच्याकडून कळलं — दादा आणि आमचे हरी काका पहाटे बोट घेऊन गेले ते परतलेच नाहीत. जाळं जवळच टाकलेलं, उजाडल्यावर लगेच यायला हवे होते. समुद्रावर एवढं धुकं की शोधायला निघालेल्या बोटी माघारी आल्या. दादाचा फोन लागत नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. अविनाश कॉलेजातून आला, मी मागे बसले. चारोटीपर्यंत धुकं निवळून लख्ख ऊन पडलं होतं आणि त्या उन्हाचा मला राग येत होता. वहिनीचा फोन वाजत राहायचा. वरोरच्या किनाऱ्याला खडक फार आहेत. ओहोटीला ते उघडे पडतात आणि त्यांच्यामधल्या एका वाळूच्या पट्टीतूनच बोट आत येते. ज्याला ती पट्टी दिसत नाही त्याच्या बोटीचं काय होतं, ते आमच्या गावातल्या पोरांना शाळेत जायच्या आधी ठाऊक असतं. सकाळचा ढोल वगैरे काही डोक्यात नव्हतं. खरंच नव्हतं.

किनाऱ्यावर पोचलो तर गर्दी. आणि गर्दीच्या मधोमध, उलट्या टोपलीवर, अंगावर चादर घेऊन दादा चहा पीत बसलेला.

मी काय केलं ते लिहीत नाही. वहिनी नंतर म्हणाली की तिने फोन घरीच टाकला होता, बोट दिसली म्हणून कोणी ओरडलं तशी अनवाणी धावली.

बोटीवर तिघं होते — दादा, काका आणि लक्ष्मण. लक्ष्मण आमच्या तलासरीकडच्या एका पाड्यावरचा. भाताचं काम संपलं की काही महिने आमच्या बोटीवर खलाशी म्हणून येतो. बरीच वर्षं येतोय, घरचाच झालाय. तो वाळूत आडवा पडून आकाशाकडे बघत होता.

सगळे जरा शांत झाल्यावर काकांनी गावकऱ्यांना पुन्हा एकदा विचारलं, "ढोल कोण वाजवत होतं?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. कोणीतरी सांगितलं की आम्ही फटाके लावले, देवळाची घंटा वाजवली, पण ढोल कोणी वाजवला नाही. काकांना ते पटेना. त्यांना वाटलं थट्टा चाललीय. ते जरा चिडूनच म्हणाले की घंटा नाही ऐकली आणि फटाके पण नाही ऐकले, ढोल ऐकला, सबंध वेळ ऐकला, त्याच्यावरच आलो. कोण होता तो सांगा, मला त्याच्या पाया पडायचंय.

कोणीच पुढे आलं नाही.

मग दादाने सांगितलं. जाळं ओढून परत फिरले आणि एक सुटलेला दोर इंजिनाच्या पंख्यात गुंडाळला. तो कापायला दादा पाण्यात वाकला, तेव्हा खिशातला फोन भिजला. दोर निघाला, पण इंजिन काही चालू होईना. लक्ष्मण बोटीवर फोन आणत नाही, काकांकडे फोनच नाही. एवढ्यात धुकं उतरलं. सुरुवातीला त्यांनी मनावर घेतलं नाही, वल्ही मारत किनारा गाठू म्हणाले. पण थोड्याच वेळात किनारा कुठल्या बाजूला तेच कळेना, आणि ओहोटी त्यांना बाहेर खेचत होती. काका म्हणजे आयुष्य समुद्रावर गेलेला माणूस. त्यांनीही हात टेकले होते.

ढोल पहिल्यांदा लक्ष्मणला ऐकू आला. त्याला वाटलं लग्न आहे कुठेतरी. काकांना वाटलं गाव आपल्याला बोलावतंय. पण धुक्यात आवाज चहूकडून येतो, त्याची दिशा धरता येत नाही. मग तो असून नसून सारखाच.

"मग कळलं कसं?" अविनाशने विचारलं.

दादा म्हणाला, "तो सरकत होता ना. बोटीचं तोंड फिरलं की खाली जायचा. एकदम जड व्हायचा. वळवून वळवून बरोबर आणलं की वर चढायचा. काका बोलले, चढेल तिकडे चला."

बोलता बोलता त्याने बोटीच्या फळीवर बोटांनी ठेका धरला, आणि तोंडाने सूर. चढणारा, मग थोडा ढळणारा, परत वर येणारा.

मी खाली वाळूत बसले. अविनाशला वाटलं मला चक्कर आली.

दादा पुढे सांगत होता. मध्येच ढोल बंद पडला. एकदम बंद. तिघांनीही वल्ही थांबवली. लक्ष्मण म्हणत होता की मारत राहू, आतापर्यंतची दिशा धरून जाऊ. काकांनी ऐकलं नाही. म्हणाले, ढोल थांबला म्हणजे आपण थांबायचं. नांगर टाकला आणि गप्प बसून राहिले. आणि मग धुक्यातून इंजिनाची घरघर आली. एक मोठा ट्रॉलर त्यांच्या अगदी पुढ्यातून आडवा गेला, इतका जवळून की त्याच्या लाटेने बोटीत पाणी आलं. ट्रॉलरवाल्यांना काही दिसलं नसणारच. वल्ही मारत राहिले असते तर त्या वेळी ते नेमके तिथे असते.

ट्रॉलरचा आवाज विरला आणि ढोल परत सुरू झाला. या वेळी वरच्या सुरात, जवळून. मग फार वेळ लागला नाही. धुक्यातून खडक दिसले, मधली पट्टी दिसली. बोट वाळूला लागली तेव्हा ढोल सरळ वाजत होता, अजिबात न सरकता. आणि थांबला.

लाईट गेल्याबद्दल वीज खात्याचे आभार मानणारी तलासरी तालुक्यात मी एकटीच असेन. पण मानते. मनापासून मानते.

त्या दिवशी मी कोणालाच काही बोलले नाही. घरी येताना, चारोटीला चहासाठी थांबलो तेव्हा अविनाशला सगळं सांगितलं. तो हसला नाही. पण शिक्षक माणूस. त्याने विचारलं की दादाचं ऐकून तू तुझं नंतर जुळवलं नसशील कशावरून? प्रश्न रास्त आहे. वाळूवर दादाने ढोल बंद पडल्याचं सांगायच्या आधी माझ्या तोंडून लाईट गेल्याचा शब्द कोणापुढे निघाला नव्हता. म्हणजे साक्षीदार मी एकटीच. फक्त आमच्या खालच्या घरमालकांनी विचारल्यावर सांगितलं, की हो, सकाळी लाईट गेली होती, बाळाचं पाणी तापवायचं राहिलं.

मग मी माझ्या पद्धतीने तपासायचं ठरवलं. पुढच्या खेपेला वरोरला गेले तेव्हा यंत्र घेऊन गेले. एक खऱ्या ढोलाचा आवाज तयार ठेवला, एक माझाच ढोल पण एलएफओ न जोडलेला, आणि एक जोडलेला. दादाला काही सांगितलं नाही, हेडफोन दिले, म्हटलं नवीन काम ऐक. पहिल्याला त्याने छान म्हणून मान हलवली. दुसऱ्याला काही बोलला नाही. तिसरा लावला आणि त्याचा चेहरा उतरला. हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"हा तुझ्याकडे कसा आला?" त्याने हळूच विचारलं.

तेव्हा मी सांगितलं. तो उठला, आत गेला, आणि वहिनीला म्हणाला की आज हिला जाऊ देऊ नको, राहू दे इथेच. मी राहिले. संध्याकाळी आम्ही दोघं लहानपणी बसायचो तसे ओट्यावर बसलो, आणि त्याने बाबांच्या आठवणी काढल्या, ज्या तो एरवी कधीच काढत नाही.

लक्ष्मण तलासरीला आला तेव्हा त्यालाही ऐकवलं. त्याने डोळे मिटले आणि हाताचा पंजा समोर धरून सुराबरोबर वर-खाली करत राहिला, वल्हं धरल्यासारखा. मग म्हणाला, "ताई, हाच. पण हा नुसता हलतो. तो बघत होता." माझंही म्हणणं हेच होतं, फक्त मला शब्द सापडत नव्हते. आता यंत्र घड्याळासारखं चालतं. खटका फिरवला की वेग बदलतो. दिवा नियमाने उजळतो आणि मंदावतो. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं, बिघाड काही नाही.

काकांनी मात्र हेडफोन लावायला साफ नकार दिला. म्हणाले मी ऐकला तेवढा बस आहे.

माझी बाकीचीही कारणं शोधून झाली. धुक्यात पाण्यावरून जाड आवाज फार लांब जातो, हे खरं आहे. म्हणून किनाऱ्यावरच्या गावांत विचारलं, की त्या सकाळी कुठे लग्न होतं का, कुठे बँड होता का. वरोरला नाही, पुढे-मागे कुठे नाही. जरी असता तरी बोटीचं तोंड बघून सूर बदलणारा ढोल कोण वाजवणार? आणि माझ्या खोलीतून आवाज बाहेर जायला मार्गच नव्हता. खालच्या मजल्यावरचं ते तान्हं बाळसुद्धा त्या सकाळी उठलं नाही, मग तो समुद्रापर्यंत कसा गेला? उलटं धरलं, की त्यांनी ऐकलं तो आवाज वेगळाच होता आणि माझं यंत्र त्याला प्रतिसाद देत होतं, तरी प्रश्न सुटत नाही. फक्त दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो.

जयेशभाईंना मी तो ढोल दिला नाही. दुसरा करून दिला, साधा, आणि त्यांना तो फार आवडला. म्हणाले, हेच पाहिजे होतं. त्यांच्या प्रोग्रामला लोक त्यावर नाचतात. छान वाटतं.

हे सगळं घडून आता बरेच महिने झाले. दादाने बोटीवर कंपास ठेवलाय, दुसरा फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलाय. मी पण फोन सायलेंटवर ठेवत नाही. माणसाने करायचं ते आम्ही करतोय. पण त्या सकाळी माणसाने करायचं असं काहीच उरलं नव्हतं, तेव्हा कोणीतरी, काहीतरी, त्या तीन माणसांकडे बघत होतं — आणि मी फक्त त्याच्या शेजारी बसले होते. याहून जास्त मला कळत नाही. अविनाशलाही नाही. तो आजकाल हे सदर वाचताना हसत नाही एवढंच.

वाचकांपैकी कोणाला आवाजाचं शास्त्र माझ्यापेक्षा जास्त कळत असेल तर जरूर लिहा. मी वाद घालणार नाही. काकांना अजून कोणाच्यातरी पाया पडायचंय. गावात ढोल वाजवणारा कोणी नवा माणूस आला की ते त्याच्याकडे जातात आणि विचारतात, त्या सकाळी तू होतास का? तो नाही म्हणतो. काका तरी वाकतात.